कार्तिकातला कौल

पुण्याहून बेंगळुरूकडे जाणारा महामार्ग वारणा ओलांडून कोल्हापूर जिल्ह्यात शिरतो, किणीचा टोलनाका मागे पडतो, आणि महामार्ग सोडून थोडे आत वळले की हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगाव लागते. सेनापती धनाजी जाधवांची समाधी याच गावात आहे. परंतु पंचक्रोशीला वडगाव ठाऊक आहे ते बाजारपेठेसाठी. उत्तरेस वारणा आणि दक्षिणेस पंचगंगा अशा दोन नद्यांच्या मधल्या काळ्या मुलखात वसलेल्या या गावाचे वर्ष तीन हिशेबांवर चालते. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत नद्यांच्या पाण्याचा हिशेब, गणपतीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत सणांचा आणि उधारीचा हिशेब, आणि दिवाळी सरली की उसाच्या तोडणीचा हिशेब. पाच वर्षांतून एकदा या तिन्हींच्या मधोमध विधानसभेच्या मतदानाची तारीख येऊन उभी राहते, आणि मग पेठेतल्या दुकानदारापासून शेतातल्या मजुरापर्यंत प्रत्येकाला आपापली वही नव्याने मांडावी लागते.

ही तारीख ठरवते कोण, हा प्रश्न वरवर सोपा आहे. संविधानाच्या ३२४व्या अनुच्छेदाने तो अधिकार निवडणूक आयोगाला दिला आहे, आणि दिल्लीत पत्रकार परिषद घेऊन आयोग ती जाहीर करतो, हे आपण दूरचित्रवाणीवर पाहतोच. परंतु आयोगाचे हात वाटतात तितके मोकळे नाहीत. १७२व्या अनुच्छेदाप्रमाणे विधानसभेची मुदत तिच्या पहिल्या बैठकीसाठी मुक्रर झालेल्या दिवसापासून पाच वर्षांची. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या १५व्या कलमाप्रमाणे मुदत संपण्यापूर्वी सहा महिन्यांच्या आत निवडणुकीची अधिसूचना निघायची. आणि ३०व्या कलमाप्रमाणे अर्ज, छाननी, माघार व मतदान यांच्यामध्ये किती दिवसांचे अंतर हवे तेही ठरलेले. या कुंपणांच्या आत जी जागा उरते तेवढ्यातच पाऊस, परीक्षा, सण आणि बंदोबस्ताचे पोलीस यांची सोय लावायची असते. तेव्हा पावसाळ्याच्या शेपटाशी आणि दिवाळीच्या तोंडाशी महाराष्ट्राची निवडणूक का येते, याचे उत्तर पंचांगात शोधण्यापेक्षा राजकारणाच्या दप्तरात शोधलेले बरे.

ते दप्तर उघडले की १९९९ हे साल समोर येते. त्यापूर्वी महाराष्ट्र बहुधा माघ-फाल्गुनात मत देत असे. १९६२, १९६७, १९७२, १९७८, १९९० आणि १९९५ या सालांतील मतदान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास झाले. सुगी हाती आलेली, रस्ते कोरडे, ऊन अजून सौम्य, आणि यात्रा-जत्रांचा चैत्र अद्याप लांब. मार्च १९९५ मध्ये अधिकारावर आलेल्या युती शासनाची मुदत मार्च २००० पर्यंत होती. परंतु लोकसभेच्या मध्यावधी निवडणुकीबरोबरच विधानसभेचीही निवडणूक उरकावी असा निर्णय होऊन विधानसभा मुदतीपूर्वी विसर्जित करण्यात आली, आणि सप्टेंबर १९९९ मध्ये दोन टप्प्यांत मतदान झाले. दुसऱ्या टप्प्यानंतर दोनच दिवसांनी गणेश चतुर्थी होती. त्या वेळच्या सत्ताधाऱ्यांना या घाईचा लाभ झाला नाही, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मात्र त्या एका निर्णयाने महाराष्ट्राचे निवडणुकीचे चक्र फाल्गुनातून उचलले जाऊन भाद्रपद-आश्विनात रुतले, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही.

तेथून पुढे प्रत्येक निवडणूक कोणत्या ना कोणत्या सणाशी अंग घासूनच झाली. २००४ चे मतदान १३ ऑक्टोबरला, पितृपक्ष सरत असताना. म्हणजे ज्या पंधरवड्यात नवे कापड घेणेही अनेक घरे टाळतात त्याच पंधरवड्यात उमेदवार दारोदार आशीर्वाद मागत हिंडले. २००९ मध्ये मतदान १३ ऑक्टोबरला आणि मोजणी २२ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरचे, तेव्हा मतदानयंत्रांनी ती दिवाळी पोलिसांच्या पहाऱ्यात, कुलूपबंद खोल्यांत काढली, आणि उमेदवारांनी निकालाच्या धास्तीत. २०१४ मध्ये अर्ज दाखल करण्याची मुदत २० ते २७ सप्टेंबर होती, परंतु घटस्थापना २५ सप्टेंबरची. त्यामुळे पहिले दिवस कचेऱ्या ओस, आणि शेवटच्या तीन दिवसांत झुंबड. पंचवीस वर्षांची शिवसेना-भाजप युती तुटल्याचे जाहीर झाले तेही त्याच घटस्थापनेच्या दिवशी. २०१९ मध्येही अर्जांची रीघ लागली ती सर्वपित्री अमावास्या ओलांडल्यावरच. शासनाच्या वेळापत्रकात पितृपक्षाला स्थान नाही. उमेदवाराच्या मनात मात्र ते आहे, आणि निवडणूक अधिकारीही आपल्या कर्मचाऱ्यांची तजवीज त्या अंदाजानेच करतात.

सणांशी जमवून घेता येते, कारण सण पंचांगात आधी छापलेला असतो. पावसाचे तसे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीवर जो महापूर कोसळला त्याची आठवण या भागात अजून ओली आहे. कोल्हापुरातील राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीपाशी महामार्ग अनेक दिवस पाण्याखाली होता, आणि वारणाकाठच्या निलेवाडी, खोची, भेंडवडे यांसारख्या गावांतून माणसे व जनावरे उंचावर हलवावी लागली. वडगावची पेठ अशा वेळी या गावांचा आसरा होते. पूर ओसरून सहा आठवडे होतात न होतात तोच, २१ सप्टेंबरला विधानसभेचा कार्यक्रम जाहीर झाला. पडलेल्या घरांचे आणि कुजलेल्या उसाचे पंचनामे ज्या तलाठ्यांनी, ग्रामसेवकांनी आणि शिक्षकांनी लिहिले, त्यांच्याच हाती मतदारयाद्या आल्या. ज्या शाळांत पूरग्रस्तांची चूल पेटली होती, त्याच शाळांत मतदानकेंद्रे मांडायची होती.

मतदान २१ ऑक्टोबरचे. मोसमी पाऊस देशातून परतल्याची घोषणा त्यापूर्वीच झाली होती, परंतु पाऊस काही त्या घोषणेला बांधलेला नव्हता. १८ ऑक्टोबरला साताऱ्यात भर पावसात भिजत शरद पवारांनी केलेले भाषण महाराष्ट्राने पाहिले. तोच पाऊस मतदानाच्या उंबरठ्यापर्यंत पश्चिम महाराष्ट्रात रेंगाळला. अशा दिवशी मतदानकेंद्रावर काय होते ते जवळून पाहण्यासारखे असते. शाळेच्या पटांगणात चिखल, त्यावर टाकलेली खडी किंवा फळ्या, रांगेच्या डोक्यावर बांधलेली ताडपत्री, ओलसर खोलीत यंत्राला आणि कागदांना पाणी लागू नये म्हणून भिंतीपासून दूर ओढलेली बाके, वीज गेली तर हाताशी असावी म्हणून ठेवलेली बॅटरी, आणि आदल्या संध्याकाळी साहित्य उचलून आलेल्या, भिजलेल्या कपड्यांनीच त्या खोलीत रात्र काढलेल्या कर्मचाऱ्यांची पहाटे साडेपाचपासूनची अभिरूप मतदानाची लगबग. तरीही कोल्हापूर जिल्ह्याने त्या दिवशी भरभरून मतदान केले, आणि करवीर मतदारसंघात ८३ टक्क्यांहून अधिक मतदान होऊन तो राज्यात पहिला आला, तर मुंबईतील कुलाबा चाळीस टक्क्यांच्या घरात राहिला. मतदान सोमवारी होते; शनिवार-रविवारला जोडून सुटी मिळाली म्हणून शहरातला मतदार गावाबाहेर गेला, आणि खेड्यातला मतदार छत्री घेऊन रांगेत उभा राहिला. आमच्या भागात मतदानाला जो जोर चढतो तो हवामानाने नव्हे, ईर्ष्येने. गटातटाची ईर्ष्या एकदा पेटली की पाऊस काय आणि ऊन काय, केंद्रावर शेवटचा म्हातारा आणल्याखेरीज कार्यकर्ता जेवत नाही.

२०२४ साली पाऊस आणि सण ही दोन्ही कारणे अधिकृत भाषेत उच्चारली गेली. २००९, २०१४ आणि २०१९ या तीनही वेळा महाराष्ट्र आणि हरियाणा यांचे मतदान एकाच वेळी झाले होते. १६ ऑगस्ट २०२४ रोजी मात्र मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी हरियाणा आणि जम्मू-काश्मीर यांचाच कार्यक्रम जाहीर केला. जम्मू-काश्मीरला लागणारा मोठा बंदोबस्त, महाराष्ट्रातील जोरदार पावसामुळे रखडलेले मतदारयाद्यांचे काम, आणि गणेशोत्सव, पितृपक्ष, नवरात्र व दिवाळी अशी सणांची रांग, ही कारणे त्यांनी सांगितली. विरोधी पक्षांना ती पटली नाहीत. ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा पंधराशे रुपयांचे हप्ते घरोघर पोहोचावेत म्हणून सरकारला अवधी दिला जात आहे, असा त्यांचा आरोप होता. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे हप्ते आचारसंहितेपूर्वी एकत्रच देण्यात आले, ही वस्तुस्थिती आहे. आणि त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली होती, हीदेखील वस्तुस्थिती आहे. कारण खरे असणे आणि ते कोणाच्या तरी सोयीचे असणे, या दोन गोष्टी एकाच वेळी संभवतात. तारखेच्या वादात हे सहसा कोणी मान्य करत नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस आयोग मुंबईस आला तेव्हा राजकीय पक्षांनी दोन गोष्टी मागितल्या: दिवाळीसारखे सण ध्यानात घ्यावेत, आणि मतदान आठवड्याच्या मधल्या वारी ठेवावे. १५ ऑक्टोबरला कार्यक्रम जाहीर झाला. योगायोग असा की मोसमी पाऊस संपूर्ण देशातून परतल्याचे हवामान खात्याने सांगितले तेही त्याच दिवशी. मतदान बुधवार, २० नोव्हेंबर. मोजणी २३ नोव्हेंबर. विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरची. दिवाळी उरकून, पंढरपूरची १२ नोव्हेंबरची कार्तिकी एकादशी करून वारकरी परतल्यावर, कार्तिक वद्य पंचमीला सबंध राज्याने एका दिवसात कौल दिला.

ही नोव्हेंबरची मोकळीक आयोगाला मिळाली कोठून, हेही पाहण्याजोगे आहे. २०१४ मध्ये निवडलेल्या विधानसभेची मुदत ९ नोव्हेंबर २०१९ ला संपत होती, म्हणून त्या वर्षी दिवाळीपूर्वीच मतदान घेणे भाग पडले. परंतु निकालानंतर मुख्यमंत्रिपदावरून जो पेच पडला, राष्ट्रपती राजवट लागली आणि उठली, त्या गोंधळात नव्या सभागृहाची पहिली बैठक २७ नोव्हेंबरपर्यंत लांबली. आणि मुदत पहिल्या बैठकीपासून मोजायची असल्याने पुढच्या निवडणुकीला सतरा दिवसांची जागा आपोआप मिळाली. २०२४ सालची दिवाळी मतदारांना निवांत साजरी करता आली, तिचे थोडे श्रेय त्या भांडणाला द्यावयास हरकत नाही.

निवांत हा शब्द मतदारांपुरताच. उमेदवारांची ती दिवाळी कशी गेली, ते ३०व्या कलमाच्या हिशेबात दिसते. अधिसूचना २२ ऑक्टोबरची. सातव्या दिवशी, म्हणजे २९ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीस, अर्जांची मुदत संपली. ३० ला छाननी झाली. आणि छाननीनंतरचा दुसरा दिवस माघारीचा. तो आला १ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या सुटीचा. कायदा म्हणतो की अशा वेळी पुढचा कामाचा दिवस धरावा. पण २ ला पाडवा, ३ ला रविवार आणि भाऊबीज. म्हणून माघार ४ नोव्हेंबरला गेली, आणि बंडखोरांच्या मनधरणीला कायद्यानेच दिवाळीचे चार दिवस बहाल केले. गावोगावचे पुढारी फराळाच्या निमित्ताने एकमेकांच्या घरी जे बसले ते करंजीसाठी नव्हे. कोल्हापूर उत्तरमध्ये तर काँग्रेसच्या अधिकृत उमेदवार मधुरिमाराजे छत्रपती यांनी ४ तारखेच्या अखेरच्या घटकेस अर्ज मागे घेतला आणि पक्षाला त्या जागेवर आपले चिन्हच उरले नाही. माघारीनंतर मतदानापूर्वी किमान चौदा दिवस जावे लागतात. १९९६ च्या दुरुस्तीपूर्वी ते वीस होते. जुना नियम असता तर ४ नोव्हेंबरपासून वीस दिवस मोजून २० तारखेचे मतदान बसलेच नसते, आणि २६ तारखेची मुदतही गळ्याशी आली असती.

पेठेवर निवडणुकीच्या आचारसंहितेचा परिणाम असा की एरवी दिवाळीत चौकाचौकात लटकणारे शुभेच्छांचे फलक त्या वर्षी उतरले. साड्यांचे वाटप, किल्ले-स्पर्धांची बक्षिसे, फराळाचे डबे, सगळ्यांवर भरारी पथकांची नजर. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा चाळीस लाख रुपयांची, आणि शुभेच्छेची जाहिरातदेखील त्याच खात्यात धरली जाण्याची धास्ती. पुढाऱ्यांच्या अर्ध्या पानी शुभेच्छांवर ज्यांचा छपाईचा खर्च निघतो अशा तालुक्या-जिल्ह्याच्या दिवाळी अंकांना याची झळ किती लागली असेल, हे या अंकाच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. आठवडी बाजाराचीही तीच गत: मतदानाच्या वारी बाजार येत असेल तर १८६२ च्या बाजार व जत्रा कायद्याखाली जिल्हाधिकारी तो बंद ठेवण्याचा हुकूम काढतात, आणि माळव्याचा शेतकरी तो आठवडा वाया गेला असे समजून घरी बसतो.

येथवरचे सगळे हिशेब कसेबसे जुळले. जुळला नाही तो उसाचा. त्या वर्षीचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करावा असे मंत्रिसमितीने ठरवले होते, आणि मतदान त्यानंतर पाच दिवसांनी. कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांचा ऊस तोडणारी माणसे प्रामुख्याने बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दिवाळी संपली की बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर भरून नवरा-बायकोचा ‘कोयता’ लेकराबाळांसह निघतो आणि वडगावच्या आसपासच्या रानात खोपी घालून वैशाखापर्यंत राहतो. त्याचे नाव मतदारयादीत असते शेकडो किलोमीटर दूरच्या गावी. टपाली मतदानाची सोय सैनिकांना आहे, निवडणुकीच्या कर्मचाऱ्यांना आहे, ८५ वर्षांवरील वृद्धांना आणि अपंगांना घरबसल्या मत देता येते. पोटासाठी जिल्हा ओलांडणाऱ्या मजुराला यांतले काही नाही. स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदानयंत्राचा नमुना आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे मांडला होता. पक्षांनी शंका काढल्या आणि तो विषय तेथेच थांबला. कारखाने २० तारखेनंतर सुरू करावेत अशी मागणी २०२४ मध्ये झाली, आणि प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी तोडणी मतदानानंतरच वेगात आली. परंतु ते घडले दराच्या वाटाघाटींमुळे आणि टोळ्या उशिरा पोहोचल्यामुळे, कोणी आधी योजना केली म्हणून नव्हे.

इतर राज्यांत सणांपुढे आयोग झुकल्याची उदाहरणे ताजी आहेत. पंजाबात गुरू रविदास जयंतीसाठी फेब्रुवारी २०२२ चे मतदान १४ वरून २० तारखेस नेले. राजस्थानात देवउठनी एकादशीची लग्ने पाहून २०२३ मध्ये २३ नोव्हेंबरचे २५ केले. हरियाणात बिष्णोई समाजाच्या अमावास्येच्या उत्सवासाठी २०२४ मध्ये १ ऑक्टोबरचे ५ केले. हे योग्यच झाले. पण या सर्व ठिकाणी मागणी करणारा समाज संघटित होता, त्याला पक्षांचे पाठबळ होते; ऊसतोड मजुराचे तसे नाही. अमेरिकेत १८४५ साली नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार कायद्याने ठरवताना तेथील शेतकऱ्याची सुगी, रविवारची प्रार्थना आणि तालुक्याच्या गावी पोहोचण्यास लागणारा दिवस यांचा विचार झाला होता. म्हणजे कामाचे पंचांग हेही तारखेला आधार होऊ शकते, ही कल्पना नवी नव्हे.

हाच पाऊस आणि हेच सण स्थानिक स्वराज्य संस्थांच्या बाबतीत मात्र निराळे रूप घेतात. वडगाव नगरपरिषदेची निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली. सभागृहाची पाच वर्षे संपली आणि तेव्हा प्रशासकाचा अंमल सुरू झाला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा खटला हे मुख्य कारण. परंतु मे २०२२ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश झाला तेव्हा पावसाळ्याची सबब पुढे आली, जुलैत ९२ नगरपरिषदांसाठी ऑगस्टमधले मतदान जाहीर होऊन पुन्हा स्थगित झाले, आणि ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांची मुदत घातल्यावरही ती ओलांडून गेली. १६ सप्टेंबरला न्यायालयाने शेवटची म्हणून ३१ जानेवारी २०२६ ही तारीख दिली. विधानसभेला मुदतीची भिंत आहे, म्हणून पाऊस तिला चार आठवडे हलवू शकतो. नगरपरिषदेला ती भिंत कागदावरच आहे, म्हणून तेथे तीच सबब चार वर्षे पुरली. हवामान आणि सण ही तारीख ठरवण्याची कारणे असू शकतात, तारीख न ठरवण्याची नव्हेत.

तेव्हा या विषयात आमचे म्हणणे थोडके आहे. तारीख दिवाळीनंतर गेली हे बरे झाले. पुरातून सावरणाऱ्या मुलखाला अवधी मिळाला, याद्यांचे काम पुरे झाले, आणि कोल्हापूर जिल्ह्याने राज्यात सर्वाधिक मतदान करून आपला लौकिक राखला. करवीरने तर ८४ टक्केही ओलांडले. मात्र ज्याच्या श्रमावर या जिल्ह्याची साखर निघते त्याचे कामाचे पंचांग आयोगाच्या टेबलावर कोणी ठेवले नाही. सध्याच्या विधानसभेची पहिली बैठक ७ डिसेंबर २०२४ ला झाली, म्हणजे मध्येच विसर्जन न झाल्यास तिची मुदत डिसेंबर २०२९ च्या पहिल्या आठवड्यात संपेल. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे, आणि मतदान पुन्हा कार्तिकात, पुन्हा गाळपाच्या आरंभीच येण्याचा संभव आहे. गाळप लांबवले आणि कर्नाटकातील कारखाने आधी पेटले तर सीमेवरचा ऊस तिकडे जातो ही अडचण खरी आहे, आणि ती दोन्ही राज्यांनी मिळून सोडवण्याची आहे. गाळपाची तारीख मंत्रिसमिती ठरवते आणि मतदानाची आयोग. दोघांनी एकमेकांस विचारावे असा नियम आज कोठेही नाही. २०२९ पूर्वी तो करावा, आणि साखर आयुक्तांचा गाळप परवाना त्या वर्षापुरता मतदानाच्या दुसऱ्या दिवसापासूनचा असावा, अशी मागणी वडगाव-हातकणंगल्याच्या ऊस उत्पादकांनीच ऊस परिषदेत पुढे आणावी. कारण तोडणारा माणूस येथे मतदार नसला, तरी त्याचे मत बुडते ते आमच्याच शेताच्या बांधावर.